हैबतरावांचा गुप्त निरोप

विश्वंभरपंतांनी उभ्या जन्मात घाट ओलांडला नव्हता, पण घाटापलीकडच्या राज्याची खडान्‌खडा बातमी दरबाराला रोज त्यांच्याच तोंडून ऐकावी लागे. एके सकाळी ते म्हणाले, “महाराज, तिकडे अन्नान्नदशा झाली आहे. चढाई करा, दोन दिवसांत शरण येतील.” राजानं लगेच घोड्यांवर खोगीर चढवायला सांगितलं.

तेवढ्यात धुरपाबाई पुढे आली. बैलांवर मीठ लादून ती वीस वर्षं त्या घाटानं ये-जा करत होती. “सरकार, मी कालच तिकडून आले. त्यांची कोठारं शिगोशीग भरली आहेत.”

पंत खेकसले, “मीठ विकणाऱ्यांनी मीठ विकावं! राजकारणाला पायपीट लागत नाही, दृष्टी लागते. तिथला एकूण एक मातब्बर मी ओळखतो.”

“मग चुकलंच माझं,” धुरपाबाईनं हात जोडले. “तेवढं हैबतरावांचं सांगा, पंत. घाटात ते पुढे निघाले की चाळीस जण मुकाट मागे चालतात. ते कुणाच्या बाजूचे?”

“हैबतराव? आतून आपलेच!” पंतांनी मिशीवरून बोट फिरवलं. “परवाच त्यांचा गुप्त निरोप आला. जहागीर मागताहेत.”

“सरकार, हैबतराव म्हणजे माझा म्होरक्या बैल. बाहेर वडाखाली रवंथ करतोय. पंतांकडे जहागीर मागितली असेल बापड्यानं. माझ्याकडे आजवर पेंडीखेरीज काही मागितलं नाही.”

राजा खो खो हसला आणि हसता हसता थबकला. “खोगीर उतरवा,” तो म्हणाला. “आणि बाई, ते कोठारांचं काय म्हणालीस, पुन्हा सांग.”