ग्रंथाचे बासन

त्या राज्यात राजा नव्हता. एक ग्रंथ होता, आणि त्यावर सगळ्यांचे भागत होते.

नदीच्या वळणावरच्या दगडी कपारीत तो ठेवलेला असे. दोन लाकडी फळ्यांमध्ये जाड हातकागदाची पाने होती. कोणापुढे मान वाकवावी, पूर्वीच्यांनी कोणती गाणी रचली, कोणाच्या काळात कोण लढले, कोण पळाले आणि कोणी कोणाला आसरा दिला, असे सगळे त्यांत होते. देवाची स्तुती जिथे संपे, तिथूनच त्याच शाईने एखाद्या लढाईची हकिगत सुरू होई. वाचता फक्त साळुंक्यांच्या एका घराण्याला येत असे, आणि या काळात ते काम सारजा नावाच्या म्हाताऱ्या साळुंकीकडे होते. भांडण झाले की दोन्ही पक्ष कपारीशी येत. सारजा चोच पंखाला पुसून पान उलटी आणि वाचून दाखवी. निकाल कधी आवडे, कधी आवडत नसे. पण ऐकून घ्यायची सवय सगळ्यांना होती.

एका उन्हाळ्यात गव्यांनी तळ्याची वाट अडवली. गोंदा नावाची एक चितळी तक्रार घेऊन आली. गव्यांचा नायक मानाजी स्वतः हजर झाला. सारजाने पान काढले आणि वाचले :

“रानकुत्र्यांची धाड आली, तेव्हा गव्यांचा नायक कळप टाकून पळाला. मागे राहिलेली वासरे चितळांनी उंच गवतात दडवली. म्हणून तळे दोघांचे.”

गर्दीत कोणीतरी हसले. मानाजी हसणाऱ्याकडे वळलाही नाही. “वाचलंत ते बरं केलंत,” एवढेच म्हणाला आणि वाटेवरून बाजूला झाला. त्या उन्हाळ्यात चितळे पोटभर पाणी प्याली.

आठ दिवसांनी मानाजी लाल रेशमाचे वस्त्र घेऊन कपारीशी आला.

“सारजाबाई, एवढा थोर ग्रंथ असा उघड्यावर. धूळ बसते, वारा लागतो. आम्हाला लाज वाटते हो.”

सारजाला भरून आले. इतक्या वर्षांत ग्रंथाची अशी काळजी कोणी केली नव्हती. बासनाची पहिली गाठ मारताना रेशमाचे टोक तिने स्वतःच्या चोचीत धरले.

पुढे कपारीबाहेर मातीचा चौथरा उभा राहिला आणि ग्रंथ त्यावर आला. फुले येऊ लागली. लांबलांबचे कळप दर्शनाला येऊ लागले. पूर्वी ऐकायला बसावे लागे, त्यात अर्धा दिवस जाई. आता माथा टेकवून लगेच निघता येई, आणि जाताना मन हलकेही वाटे. मग ठरले की रोज उघडल्याने पाने झिजतात, वर्षातून एकदा उघडावा. त्या वर्षी मुहूर्त निघाला नाही. चौथऱ्याशी दोन गवे पहाऱ्याला बसले. सारजाला ग्रंथमाता म्हणू लागले आणि तिच्यासाठी एक सजवलेली फांदी रोवली. तिथून ग्रंथ छान दिसे. चोच मात्र गाठीपर्यंत पोहोचत नसे.

दुसऱ्या उन्हाळ्यात तळ्याची वाट पुन्हा बंद झाली.

गोंदा आली, तेव्हा तिच्यासोबत एक पाडस होते. त्याची जीभ बाहेर आली होती. सगळे कळप जमले. सारजाने ती हकिगत पाठ होती तशी म्हणून दाखवली, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

मानाजीचा आवाज मऊ होता. “सारजाबाई, आमचे पूर्वज पळाले, असं ग्रंथात असेल का? ज्या ग्रंथापुढे आम्ही रोज माथा टेकतो, त्यात? तुमचं वय झालंय. होतं असं.”

“मग उघडून बघा.”

कोणी हलले नाही.

“उघडून बघायचं म्हणजे ग्रंथावर शंका घ्यायची,” मानाजी म्हणाला. “कोणाची आहे शंका? पुढे या.”

सारजाने गोंदाकडे पाहिले. “गोंदा, तू म्हण. तळं तुमचंही आहे ते तिथं लिहिलंय. नुसती एक गाठ सोडायची आहे.”

गोंदाने पाडसाकडे पाहिले, मग लाल रेशमाकडे.

“नको, बाई. कोप झाला तर? लेकराला काही झालं तर? आम्ही पलीकडच्या ओढ्यावर जातो. लांब आहे, पण जातो.”

तिने चौथऱ्याला माथा टेकवला, पाडसालाही टेकवायला लावला, आणि ती निघाली. ओढ्याच्या वाटेवर रानकुत्री असत. त्या उन्हाळ्यात चितळांचा कळप निम्म्यावर आला.

एका दुपारी पहारेकरी रवंथ करत पेंगले, तेव्हा सारजा फांदीवरून उतरली. गाठ तिच्या चोचीला हलेना. म्हणून तिने बासनाची खालची कड उचलली. चौथऱ्याच्या मातीतून एक ओलसर तपकिरी रेघ निघाली होती. ती लाकडी फळीवर चढली होती आणि फळीच्या चिरेतून आत गेली होती. सारजाने फळीला कान लावला. आत बारीक, सतत, घाई नसलेली कुरकुर चालली होती.

ती ओरडत सुटली. “वाळवी लागलीय! ग्रंथाला वाळवी लागलीय! आत्ता सोडा, अजून अर्धा वाचेल!”

मानाजी धावत आला. त्याने रेघेकडे पाहिलेच नाही, सारजाकडे पाहिले, आणि त्याच्या डोळ्यांत खरेच पाणी होते. तो ढोंग करत नव्हता. एवढे दिवस माथा टेकवता टेकवता त्याचीही श्रद्धा बसली होती.

“ग्रंथाला वाळवी लागते, असं तुमच्या तोंडून ऐकायचं होतं का आम्ही? तुम्ही ग्रंथमाता. निदान तुम्ही तरी जपून बोला.”

बाकीचे कळप तिच्यावर रागावले नाहीत. म्हातारी आहे, म्हणून त्यांनी तिला सांभाळून घेतले. ते तिला सगळ्यात जड गेले.

मग ती रोज सकाळी पाठ असलेले सगळे मनाशी म्हणू लागली. ऐकायला तिने नात्यातल्या तरुण साळुंक्यांना बोलावले, पण त्यांना आरती बसवायची होती. आधी गाण्यांचे शेवट जाऊ लागले. मग नावे गेली. एका सकाळी तिला आठवेना, की वासरे गवतात दडवली होती की वेळूच्या बेटात. विचारायला कोणी नव्हते. ग्रंथ दहा पावलांवर होता.

तिसऱ्या वर्षी उत्सव मोठा झाला. उत्सवात दरवर्षी ग्रंथाची नदीच्या पाण्यापर्यंत मिरवणूक निघे. पहिल्या वर्षी तो न्यायला दोन गवे लागले होते आणि दोघांच्या पाठी वाकल्या होत्या. यंदा तो एका तरुण गव्याने एकट्याने उचलला आणि तो आश्चर्याने ओरडला, “फुलासारखा आहे!”

सगळ्या रानात ओरडा झाला. ग्रंथ प्रसन्न झाला! भक्तांचा भार त्याने स्वतःच घेतला! म्हाताऱ्या हरणींच्या डोळ्यांना धारा लागल्या. मानाजी वाळूत गुडघे टेकून बसला.

चालताना बासनाच्या घडीतून बारीक तपकिरी भुकटी गळत होती. पुढच्याने ती पाहिली आणि माथा खाली धरला. मग मागच्याने धरला. रांग लागली. ढकलाढकली झाली.

गोंदा पाडसाला घेऊन रांगेतून बाहेर आली, तेव्हा तिच्या खुरात चिमूटभर भुकटी होती. ती सारजाच्या फांदीखाली थांबली.

“बाई, तुम्हाला गर्दीत येववणार नाही, म्हणून आणला. घ्या प्रसाद.”

सारजा उतरली. भुकटीत तिळाएवढा कागद होता आणि त्यावर कशाची तरी अर्धी वेलांटी होती. सारजा मान तिरपी करून ती कोणत्या शब्दाची ते ओळखू पाहत होती, तेवढ्यात गोंदाने त्यातली अर्धी भुकटी तिच्या डोक्याला लावली, आणि उरलेली, वेलांटीसकट, पाडसाच्या कपाळावर नीट दाबून बसवली.