नव्या ट्रेलरमधला माल

आपल्या तपासणी नाक्यावरून वारासुद्धा कागद दाखवल्याशिवाय पुढे जात नाही, असा वडनेरेसाहेबांचा ठाम समज होता.

एका दुपारी तिथे पाथर्डीची शेवंता सानप येऊन थांबली. स्वतःचा पहिलावहिला ट्रेलर विकत घेऊन ती हजार किलोमीटरवरून एकटीच घरी निघाली होती. साहेबांनी लायसन पाहिलं, विमा पाहिला, तात्पुरत्या नंबरचा कागद उन्हात धरून पाहिला. दिवे, टायर, हॉर्न, सगळं चोख. साहेबांचा चेहरा पडला. मग ते केबिनमध्ये चढले आणि एकदम खुलले. समोर नारळ आणि पेढ्यांचा खोका होता.

"तात्पुरत्या नंबरवर गाडी रिकामी न्यायची असते, बाई. हा माल कसला?"

"माल कुठला, साहेब! नव्या गाडीच्या पूजेचा प्रसाद आहे."

"गाडीत असेल तो माल! मला नियम शिकवू नका. गाडी जमा होईल." साहेबांनी खोका उघडला. नियम समजावता समजावता चार पेढे पोटात गेले, पाचवा हातात आला.

शेवंतानं शांतपणे विचारलं, "मग पंचनाम्यात काय लिहिता? माल लिहिलात, तर जप्तीतले चार पेढे कुणी खाल्ले तेही लिहावं लागेल. प्रसाद लिहिलात, तर माझी गाडी रिकामी."

मागे खोळंबलेले ड्रायव्हर खो खो हसले.

"प्रसादच आहे," साहेब पुटपुटले आणि त्यांनी कागदावर शिक्का मारला.

शेवंतानं त्यांच्या हातातला पाचवा पेढा काढून खोक्यात ठेवला. "मग पुरे आता, साहेब. प्रसाद पोटभर खायचा नसतो."