रुळाखालचा कागद

विषय : दाबयंत्राच्या सरकत्या पाटासाठी रुळांची निवड.
संदर्भ : अंतोबांच्या उजव्या हाताची गेलेली दोन बोटे.

एकदा एका कारखान्यात हा विषय निघाला. पत्रा दाबयंत्राखाली नेणारा पाट मध्येच अडे आणि अंतोबा तो हाताने ढकलीत. बोटे गेली तेव्हा चौकशी झाली, कामगाराचा निष्काळजीपणा सिद्ध झाला आणि भिंतीवर ‘सावध राहा’ अशी पाटी लागली. पाटी मात्र अगदी सरळ लावली होती.

नवे रूळ निवडण्याचे काम एका तरुण अभियंत्याकडे आले. तिसरे बोट जाऊ नये, एवढीच त्याची तळमळ होती. चौकोनी, छऱ्यांवर धावणारे रूळ घ्यावेत की साधे गोल दांडे, यावर त्याने पंधरा दिवस माहितीपत्रके वाचली. अखेर चौकोनी रुळांच्या मागणीचा क्रमांकित अर्ज भरून तो आपल्या गुरूकडे, वृद्ध मिस्त्रींकडे गेला. अंतोबा तिथेच डाव्या हाताने चहा पीत होते.

मिस्त्रींनी नमुन्याचे दोन चौकोनी रूळ सपाट लोखंडी फळीवर आवळले आणि त्यांवर पाट बसवला. नखाने ढकलताच तो सरसर गेला. अभियंत्याचा चेहरा उजळला.

मग मिस्त्रींनी एका रुळाचे बोल्ट सैल केले, शांतपणे अर्जाचा कोपरा फाडला, त्याची घडी रुळाखाली मधोमध सारली आणि बोल्ट पुन्हा आवळले.

“अहो मिस्त्री! अर्ज होता तो!”

“आता उपयोगी पडला. ढकल.”

पाट मध्यावर आला आणि अडला.

मग मिस्त्रींनी गोल दांडे फक्त दोन्ही टोकांच्या आधारांवर बसवले आणि तोच कागद एका आधाराखाली सारला. पाट कुरकुरत का होईना, पार गेला. पण वर ऐरण ठेवताच दांडे मध्ये झुकले.

मिस्त्री म्हणाले, “चौकोनी रूळ आपल्या जिवावर सरळ नसतो, बाळ. ज्यावर आवळशील त्याचा आकार घेतो आणि मग तिथेच ताठ राहतो. गोल दांडा वाकड्याशी जमवून घेतो, पण ओझं आलं की मान टाकतो. तुमच्या कचेरीत दोन्ही जातींची माणसं भरपूर आहेत. आपल्या यंत्राची बैठक, जिच्यावर हे रूळ आवळायचे ती, वीस वर्षांत झिजून वाकडी झाली. ती कुणी मोजली? नाचता येईना अंगण वाकडे, असं म्हणून लोक नाचणाऱ्याला हसतात. कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं.”

“चौकशीत मलाही हसलेच की,” अंतोबा म्हणाले. “नाचायचं सोडा, आता टाळीसुद्धा धड वाजत नाही.”

अभियंत्याने खिशातून पेन काढले. कोरा क्रमांकित अर्ज एका कामाला एकच मिळे, म्हणून त्याच अर्जावर त्याने लिहिले : रूळ चौकोनीच घ्यावेत, तत्पूर्वी बैठक घासून सपाट करावी, त्यासाठी यंत्र आठ दिवस बंद ठेवावे.

अर्ज तीन टेबलांवरून फिरून परत आला. शेरा होता : ‘अर्जाचा कोपरा फाटलेला आहे. फाटलेला भाग जोडून फेरसादर करावा.’ आठ दिवसांबद्दल अवाक्षर नव्हते.

त्याने कोपरा डिंकाने चिकटवून अर्ज पुन्हा पाठवला. तो विचाराधीन आहे. यंत्र चालू आहे. पाट अंतोबा आता डाव्या हाताने ढकलतात.