सुभेदारांनी पाहिलेली वाट

कऱ्हाडच्या सुभेदार हैबतरावांना बसवत नव्हतं. लेकीच्या सोयरिकीचं उत्तर आणायला जासूद सटवाजी कोल्हापूरला गेला होता. सोमवारी परतायचा, तो बुधवार उजाडला तरी त्याचा पत्ता नव्हता. सुभेदार सदरेवर येरझाऱ्या घालत होते आणि दर चार पावलांनी वेशीकडे मान वळवत होते. जेवणाचं ताट दोनदा परत गेलं.

दुपारी गुडघाभर चिखलाने माखलेला सटवाजी येऊन मुजऱ्याला वाकला, तोच सुभेदार कडाडले, "बावीस कोसांची वाट आणि दोन दिवस उशीर? नकाशावर चार बोटं अंतर आहे! पंचवीस फटके हाणा याला!"

"सरकार, वारणेला..."

"सबबी नकोत! परवापासून इथं उभा राहून तुझी वाट पाहतोय मी!"

सटवाजीने हात जोडले. "परवापासून सरकारांनी माझी वाट पाहिली?"

"डोळ्यांत तेल घालून!"

"मग झालंच की! माझ्या वाटेत वारणा आडवी आहे. तिला दोन दिवस पूर होता आणि नाव बंद होती, हे सरकारांना दिसलंच असेल. आणि एवढी मोठी नदी दिसली नसेल, तर सरकारांनी माझी वाट पाहिलीच नाही. मग उशीर कसला?"

चाबूक उगारलेल्या शिपायाचा हात हवेतच राहिला. सुभेदारांना मिशीआडचं हसू लपवता येईना.

"बरं, उत्तर काय आणलंस?"

"होकार आहे, सरकार. फक्त वऱ्हाड तेवढं नकाशावरून नेऊ नका."