दाढेतली घोंगडी

सरदार रणोजीरावांची किडलेली दाढ भरण्याआधी डॉक्टर पेस्तनजींनी तळाशी लावायचा पांढरा लेप कालवला. त्यातला सुकलेला कपचा रावांनी नखाने दाबला, तर त्याचा भुगा झाला.

“असला तकलादू माल माझ्या दाढेत? उद्यापासून दवाखाना बंद!”

“सरकार, वर चांदी ठासताना टिकेल एवढी ताकद त्याला पुरते. चावण्याचा भार चांदी घेईल. लेप खालच्या नसेला जपतो.”

राव ऐकेनात. धाकटे बंधू मालोजी हे पाहत होते. दोघांचे वडील आबासाहेब नुकतेच वारले होते. त्यांच्या आजारपणात उशाशी बसून राहिले ते हेच डॉक्टर. मालोजी तडक तबेल्यात गेले आणि रावांची घोडी दारात घेऊन आले.

“दादा, खोगिराखालची घोंगडी काढली. फारच मऊ होती. बसा आता.”

“अरे गाढवा, तिची पाठ सोलून निघेल! फेकून देईल मला!”

“घोडी एकदाच फेकेल, दादा. दाढेतली नस घासाघासाला फेकेल.”

राव खो खो हसले आणि मुकाट्याने आ करून बसले.

डॉक्टरांनी हात जोडले, तसे मालोजींचे डोळे भरले. “आभार तुमचे, डॉक्टर. आज आबासाहेब असते, तर घोडी त्यांनीच आणली असती.”