आई थांबते तिथं

"अजून किती कमी करू, आबा?"

शार्दूलने फिल्ममागच्या बासरीचा आवाज तिसऱ्यांदा खाली ओढला होता.

आबा शिरगावकरांनी डोळे मिटूनच मान हलवली.

"तुझ्या आईचं अजून ऐकू येत नाही."

शार्दूलचं डोकं सणकलं. कोल्हापुरात लग्नाचे व्हिडिओ एडिट करावेत तर त्यानेच, असं लोक म्हणत. आणि लोकांच्या आधी तो स्वतःच म्हणे. एडिटिंग त्याला आबांनीच शिकवलं होतं. पण आज स्वारी शिकायला नव्हे, शाबासकी घ्यायला आली होती.

आईच्या गप्पांची छोटी फिल्म होती. परवा तिच्या घशाचं ऑपरेशन. स्वरयंत्रच काढायचं होतं. मग तिचा आवाज उरणार होता तो या फिल्ममध्येच. तो विचार टाळायला शार्दूल दिवसभर बासरीच नीट करत बसे.

"आबा, सॉफ्टवेअर बघतं सगळं. आई बोलायला लागली की बासरी आपोआप खाली जाते, थांबली की पुन्हा वर येते. तिचा एक शब्द दबत नाही."

"वर कशाला येते?"

"मोकळी जागा राहिली की लोक चुळबुळ करतात. लग्नाच्या व्हिडिओत आम्ही एक सेकंदही रिकामा सोडत नाही."

"हं... म्हणजे बरोबर आहे माझं. ती थांबते, तिथंच तिचं ऐकू येत नाही."

"थांबते तिथं ती बोलतच नाही!" शार्दूल खेकसला. "दम लागतो तिला. आवंढा गिळते. त्यात काय ऐकायचंय?"

आबांनी हातानेच व्हिडिओ थांबवायची खूण केली. खोली एकदम शांत झाली.

"उद्या दवाखान्यात नेणार तिला?"

"हो."

"घाबरलायस?"

शार्दूलने तोंड उघडलं. शब्द फुटेना. त्याने मान खाली घातली, आवंढा गिळला...

आणि आबा तीच बासरीची धून मोठमोठ्याने गुणगुणू लागले. मांडीवर ताल धरून, अगदी रंगात येऊन.

शार्दूल क्षणभर बघतच राहिला. मग त्याला राग आवरेना.

"आबा, बंद करा ते!"

आबा थांबले. भरलेल्या डोळ्यांच्या त्या पोराकडे त्यांनी मायेने पाहिलं.

"का रे? तू तर काही बोलत नव्हतास."