उन्हात उभं ऱ्हायलेलं गाढव

लई मागची गोष्ट सांगतो. तवा जनावरंच बागा करायची, आन गावात त्यांचं एक बागमंडळ व्हतं. अध्यक्ष मोर. त्याला काम काय, तर पिसारा फुलवायचा आन दुसऱ्याच्या चुका काढायच्या.

त्या वैशाखात मोरानं हुकूम सोडला, "आवसंपातूर ज्याच्या वाफ्यात फळ दिसनार न्हाई, त्याला मंडळातनं हाकलनार!" बोलताना बघत व्हता धोंडू गाढवाकडं.

समद्यांनी भर दुपारी बदाबदा पानी वतलं. धोंडू काकडीला सकाळी एकच घागर घालायचा, आन दुपारभर वाफ्याशेजारी नुसता उभा ऱ्हायचा. ऊन सरकंल तसा त्यो बी सरकायचा.

"काय रं धोंडू, बायकूनं घराभाईर काढलं व्हय?" कोंबडी खिदळली. "पाठ भाजंल की!"

"माझीच भाजतीया न्हवं? तू गप दानं टिप!" धोंडू खेकसला.

आवसंला मोर वाफं बघाया निघाला. कोंबडीची भेंडी करपलेली. खुद्द मोराचा दोडका मुळापासनं उकडलेला, कारन तापल्या मातीत दुपारचं पानी कडकडीत झालं व्हतं. आन धोंडूच्या वाफ्यात, गाढवाच्या सावलीएवढ्याच जागंत, हातहातभर लांब सतरा काकड्या!

धोंडू असा वरडला की डोंगर घुमला. त्या दिवशी कुनी कान झाकलं न्हाईत.

दुसऱ्या दुपारी समदं मंडळ आपापल्या वाफ्याशेजारी उन्हात उभं. मोर घाम पुशीत इचारत व्हता, "धोंडूदादा, पिसारा कुनीकडं धरू? सावली नीट पडाया पायजे."